बेडकाची साक्ष

१

“आक्का, बेडूक खोटं बोलतंय का वो?”

लालासाब मुजावर दारातच उभा होता. पायांत चपला नव्हत्या आणि बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती. राजारामपुरीतल्या या दोन खोल्यांत तो अधूनमधून यायचा, आक्काताई पोवारांकडचे छापील अहवाल घेऊन जायचा आणि पाठीला कापड लावून नीट बांधून आणून द्यायचा. बोलणं मोजकंच. आज मात्र त्याचा आवाज चढलेला होता आणि मधेच फाटत होता.

“आत या आधी. कुठला बेडूक?”

“तुमचाच की! ज्याच्या बुकांस्नी मी पुठ्ठं लावतोय, त्योच. त्यानं माझ्या सलिमाला गरवार ठरवलंय. आन् पोरगी कालधरनं गायब हाय.”

आक्काताई खुर्चीतून उठली ती पुन्हा बसली नाही. एका जागी बसून विचार करणं तिला कधी जमलंच नाही. आईबापांनी नावच आक्काताई ठेवल्यामुळं तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला आक्का म्हणत. ही शेतकऱ्याघरची पोर संख्याशास्त्र शिकली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी काम करू लागली. एखादी वैद्यकीय चाचणी किती खरी नि किती खोटी, हे शोधायचं काम. देशभरातल्या प्रयोगशाळांना लिहायचं, छापलेले अहवाल मागवायचे, लाजेकाजेनं दडवून ठेवलेलेही मागवायचे, आणि सगळे शेजारीशेजारी ठेवून कुणावर किती भरवसा टाकायचा ते ठरवायचं. ते सहासष्ट साल होतं आणि तिच्यापुढं बेडूक चाचणी होती.

चाचणी साधी होती. बाईची सकाळची लघवी नर बेडकाच्या पाठीत टोचायची. दोन-तीन तासांनी बेडकाच्या मूत्रमार्गातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यात शुक्रजंतू वळवळताना दिसले, की बाईला दिवस गेलेत.

सलिमा एका खासगी प्रसूतिगृहाच्या वसतिगृहात राहून परिचारिकेचं शिक्षण घेत होती. कुणीतरी पोरगी पहाटे न्हाणीघरात ओकते, अशी कुजबुज विश्वस्त गणपतरावांच्या कानावर गेली. त्यांनी फर्मान काढलं की एकाच दिवसात सगळ्या पोरींची तपासणी व्हायला पाहिजे. चोवीस पोरींत बेडकानं बोट दाखवलं ते एकट्या सलिमाकडं. सलिमा शपथेवर नाही म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. बापाला बोलावणं धाडलं. बाप पोचायच्या आत सलिमाची खाट रिकामी.

“नातेवाईक बघितलं, यष्टी स्टँड बघितला,” लालासाब म्हणाला. “रात्रभर रंकाळ्याच्या काठानं हिंडलो. पाण्याकडं बघायचं धाडस हुईना, आक्का. तुमच्या बुकांत काय लिवलंय तेवढं सांगा.”

तिच्या बुकांत काय लिहिलंय हे तिला पाठ होतं. बेडूक ‘नाही’ म्हणाला तर कधीकधी चुकतो, पण ‘होय’ म्हणाला तर जवळजवळ कधीच चुकत नाही. झाडून सगळे अहवाल हेच सांगत होते. आणि त्यांतला सगळ्यांत चोख अहवाल कोल्हापुरातलाच होता. सलिमाची तपासणी ज्यांनी केली, त्या डॉक्टर हेर्लेकरांचा.

२

डॉक्टर हेर्लेकर गोरे, टापटिपीचे, बोलायला गोड. आक्काताई प्रयोगशाळेत आली तेव्हा त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, भिंतीशी मांडलेल्या मातीच्या कुंड्यांपाशी जाऊन उभी राहिली. कुंड्यांवर जाळी होती आणि आत पुटकुळ्यांच्या पाठीचे जाडजूड बेडूक गप बसले होते. प्रयोगशाळेतला मदतनीस केरबा एकेक कुंडी धूत होता.

“बाई, मलाही वाईट वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “पण माझ्या दोनशे चाचण्यांत एकही चुकलेली नाही. तुम्ही वाचलंयच.”

“वाचलंय. म्हणूनच आले.”

“बरं, एक वेळ धरू की शंभरात एखादी चुकते. पण इथं दोनदा होकार आला. दोन्ही वेळा चुकायचं म्हणजे दहा हजारांत एक. हा हिशेब मी तुम्हाला काय सांगायचा?”

“बेडूक टोचण्याआधी तपासता? म्हणजे त्याच्या थेंबात आधीपासूनच शुक्रजंतू नाहीत ना, हे?”

“प्रत्येक बेडूक. त्याशिवाय सुईला हात लावत नाही आम्ही. हो ना रे केरबा?”

केरबानं मान हलवली. हलवली खरी, पण होकाराची की नकाराची ते कुंडीत वाकल्यामुळं दिसलं नाही.

“आणि दुसऱ्या दिवशी तर मी मुद्दाम तोच बेडूक घेतला,” डॉक्टर पुढं म्हणाले. “दुसरा घेतला म्हणून निकाल बदलला, असं कुणाला म्हणायला जागा नको. आणखी काय करायचं माणसानं?”

आक्काताई बाहेर पडली. त्या बोलण्यात कुठंतरी कुसळ होतं. सलत होतं, पण बोटाला लागत नव्हतं. रस्ताभर ती स्वतःशीच पुटपुटत चालली. बेडूक तपासलेला, निकाल दोनदा आलेला. मग बेडूक खरा. बेडूक खरा आणि सलिमाही खरी असेल, तर खोटी एकच वस्तू उरते.

बाटली. सलिमाच्या नावाच्या बाटलीत दुसरीच कुणाची तरी लघवी होती.

३

वसतिगृहात सलिमाच्या खोलीत बाळाबाई राहायची. तिशीची, कमी वयात नवरा गेलेली, गंभीर चेहऱ्याची. न्हाणीघरात पहाटे ओकणारी तीच, हे दोन पोरींनी आक्काताईला न विचारता सांगितलं.

आक्काताईला धीर धरवला नाही. दार लोटून तिनं सरळच विचारलं, “बाळाबाई, बाटल्या तू बदललीस?”

बाळाबाई हळू आवाजात म्हणाली, “म्हंजे दिवस मला गेल्यात, आन् नाव मी सलिमाचं घातलं. आसंच न्हवं?”

“ओकतेस तू. घाबरून केलं असशील. मी कुणाला...”

“पित्त हाय माझं. कळलं तर घरी धाडतील म्हणून दडवलं.” ती उठली, दार लावलं आणि लुगड्याची गाठ जराशी खाली सरकवली. बेंबीखालून एक जाड, पांढरा व्रण उभा गेलेला होता. “पोर पोटात मेलं. मला वाचवायला पिशवी काढून टाकली. आता सांगा, आक्का, मला दिवस कुठनं जायाचं?”

आक्काताईनं मान खाली घातली. वर्षानुवर्षं लोकांच्या घाईच्या निष्कर्षांवर लाल पेन्सिल ओढणारी बाई, आणि आज स्वतः एका ओकारीवरनं एका बाईचं वाटोळं करायला निघाली होती.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“चुकू दे. पोरगी हुडका.” बाळाबाईनं गाठ आवळली. “बाटल्या बदलायचा तर वावच न्हवता. न्हाणीघराच्या दारात मेट्रनबाई हुब्या. एकेकीनं आत जायाचं, आन् भाईर येऊन गरम बाटली त्येंच्या हातात द्यायची. नाव त्या सोताच्या हातानं चिकटवत हुत्या.”

म्हणजे बाटलीही खरी. आक्काताई खोलीत येरझाऱ्या घालू लागली. सलिमाच्या खाटेवर पांढरा पोशाख घडी घालून ठेवलेला होता. फणी, तेलाची बाटली, ट्रंक, सगळं जागच्या जागी. ती एकदम थांबली.

“नर्सा छातीला लावतात ते घड्याळ कुठाय तिचं?”

बाळाबाईनं उशी उचलली, ट्रंक उघडली. घड्याळ नव्हतं.

“जीव द्यायला निघालेली पोर नाडी मोजायचं घड्याळ कशाला नेईल?” आक्काताई म्हणाली. “ती मरायला गेली नाही, बाळाबाई. कामाला गेलीय. तिच्या ओळखीची, कामावर असलेली नर्स कुठं आहे का?”

“अंबूबाई! गारगोटीला. गेल्या सालीच हितनं पास हून गेली.”

४

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आक्काताई आणि लालासाब गारगोटीला उतरले, तेव्हा अंबूबाईच्या खोलीबाहेर दोन पोटुशा बाया आणि त्यांच्या सासवा बसलेल्या होत्या. आत एका बाईच्या मनगटावर बोटं ठेवून सलिमा घड्याळात बघत होती. बापाला पाहून तिनं बोटं काढली नाहीत. नाडी मोजून झाली, आकडा अंबूबाईला सांगितला, आणि मग ती लालासाबच्या गळ्यात पडली.

“सांगून यायचं न्हाय व्हय गं?” लालासाब रडत रडत ओरडला.

“सांगितलं असतं तर तुमी घरी न्हेलं असतासा. घरी बसलो असतो तर समद्यांस्नी खरंच वाटलं असतं.”

अंबूबाई पुढं झाली. “आक्का, मी तपासलंय हिला. काय बी न्हाय. आन् काल पाळी बी आली.”

लालासाबनं दोन्ही हात वर केले. “या अल्ला! सुटलो की मग! चल, आत्ताच्या आत्ता गणपतरावांच्या म्होरं...”

“जावा, सांगा,” सलिमा म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. “म्हणतील, गारगोटीला जाऊन पाडून आली.”

लालासाबचे हात वरच राहिले. पोरीनं अचूक ओळखलं होतं. पोट वाढलं असतं तर गुन्हा होता, नाही वाढलं तर दुप्पट गुन्हा. आता सलिमाच्या देहात असं काही उरलं नव्हतं, जे तिच्या बाजूनं साक्ष देईल. तिला सोडवायचं तर बेडकालाच खोटं पाडायला हवं होतं.

“त्या दिवशीचं सगळं सांग,” आक्काताई म्हणाली. “बारीकसारीक.”

“त्या दिवशी माझी डूटी बाळंतिणींच्या खोलीत हुती. एक बाई अडली हुती, सुटका दुपारी झाली. समद्या पोरींनी सकाळी बाटल्या दिल्या, मी शेवटाला दिली. दुसऱ्या दिशी परत बोलावलं, तवा केरबामामा माझ्याकडं बघंना. ‘पोरी, चा पितीस का’ म्हणाला. डोळं पाण्यानं भरल्यालं. आता मला चा कशाला पाजतोय म्हटलं ह्यो माणूस.”

सलिमाला अंबूबाईपाशी ठेवून दोघं निघाले. परतीच्या एस.टी.त लालासाबला झोप लागली. आक्काताई खिडकीशी बोटं आपटत बसली होती. अहवालात जे डॉक्टर शंभरात एक चूक म्हणतात, ते वेगवेगळ्या बेडकांवर. आणि हेर्लेकर मुद्दाम तोच बेडूक...

कुसळ सापडलं.

एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलं म्हणून साक्षी दोन होत नाहीत. पहिल्या दिवशी तो बेडूक आपला आपणच बिघडलेला असेल, तर दुसऱ्या दिवशीही तो तेच बोलणार. दहा हजारांत एक वगैरे काही नाही. सगळा खेळ एका बेडकावर होता. तो बेडूक पाहिजे, आणि आजच पाहिजे.

५

कुंड्या रिकाम्या होत्या. धुऊन पालथ्या घातलेल्या.

“रोग पडला होता बेडकांवर,” डॉक्टर हेर्लेकर म्हणाले. “सोडून दिले काल संध्याकाळी. तुम्हाला काय हवं होतं?”

आज त्यांनी खुर्ची दिली नाही.

केरबा बाहेर कट्ट्यावर बसला होता. आक्काताई त्याच्या शेजारी टेकली, आणि लगेच उठून त्याच्यापुढं उभी राहिली.

“रोग पडला होता?”

“डॉक्टर म्हणत्यात म्हंजे आसंल.”

“त्या दिवशी दुपारी सलिमाचा बेडूक आधी तपासला होता, केरबा?”

केरबानं हाताचे तळवे एकमेकांवर घासले. “आक्का, मला ह्यातलं इचारू नगासा. माझ्या घरात खाणारी तोंडं सात. मी तोंड उगडलं तर त्येंची मिटतील.”

तिनं जोर केला नाही. “बरं. बेडूक आणून कोण देतं, एवढं तरी सांगाल?”

ते सांगायला केरबाची हरकत नव्हती. ज्ञानू नावाचा गडी पंचगंगेच्या अंगानं बेडूक धरायचा. नदीकाठच्या मळ्यात तो तिला सापडला. सगळे नरच देतोस का, असं विचारताच तो हसत सुटला.

“नर-मादी मी कशाला बघतोय, बाई? गावंल ते पोत्यात भरायचं आन् न्हेऊन द्यायचं. निवडायचं काम केरबाचं. नर येगळं काढून त्यो धा-बारा दिस ठेवतोय म्हणं कुंडीत.”

“परवाच्या सोमवारी दिले होतेस?”

“व्हय की! दुपारच्याला सांगावा आला, आत्ताच्या आत्ता दे. त्येंच्याकडचं नर कमी पडलं हुतं. चोवीस पोरी म्हंजे काय चेष्टा हाय का! पोतं तसंच न्हेऊन दिलं.”

आक्काताई मळ्याच्या बांधावर खिळल्यासारखी झाली. बऱ्या अहवालांत एक वाक्य हमखास असायचं: नर बेडूक माद्यांपासून वेगळे ठेवले होते. ते वाक्य ती दरवेळी नुसती खूण करून पुढं जायची. मादी जवळ आली की नर लघवी टोचल्याशिवायच शुक्रजंतू सोडतो. मग त्याच्या पाठीत गरोदर बाईची लघवी टोचा, नाहीतर विहिरीचं पाणी टोचा, निकाल एकच. सलिमाची बाटली शेवटची होती. तिच्या वाट्याला पोत्यातला बेडूक आला होता.

पण हे सगळं झालं आक्काताईच्या डोक्यात. तो बेडूक नदीत, केरबाच्या तोंडाला कुलूप, आणि डॉक्टर म्हणणार, आम्ही प्रत्येक बेडूक तपासतो. ती तशीच गणपतरावांच्या घरी गेली.

गणपतराव म्हणजे आडदांड माणूस, आवाज तालमीतला. “बाई, कोर्टात माणूस खोटं बोलंल. बेडूक कशाला बोलंल?”

“गणपतराव, ज्या गावात चोरच नाही, त्या गावात रात्री कुत्रं भुंकलं, तर ते कशावर भुंकलं म्हणायचं? चोरावर, की मांजरावर?”

“मांजरावरच की.”

“डॉक्टरांकडं एरवी ज्या बाया येतात, त्यांतल्या बहुतेकींना दिवस गेलेलेच असतात. तिथं बेडूक भुंकला तर चोर सापडतोच, आणि आपण कुत्र्याला शहाणं म्हणतो. तुमच्या वसतिगृहात तुम्ही चोवीस पोरींवर कुत्रं सोडलंत. भुंकलं म्हटल्यावर मांजर होतं का, हे बघायला नको?”

गणपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. “बघायचं कसं?”

“उद्या तुमच्यासमोर चाचणी घेऊ. सहा बाटल्या. दिवस गेलेल्या तीन बायांच्या, आणि तीन पुरुषांच्या. कुठली कुणाची, ते फक्त मला आणि बाळाबाईला ठाऊक. बेडूक ज्ञानूच्या पोत्यातले, जसे त्या दिवशी होते तसे. एक बाटली तुमची.”

“माझी?” गणपतराव गडगडून हसले. “बाई, माझ्या बाटलीवर बेडूक भुंकला, तर मी समद्या पोरींच्या म्होरं हुबा ऱ्हाऊन माफी मागीन!”

त्या रात्री आक्काताईला झोप आली नाही. पोत्यातला प्रत्येक नर बिघडलेला असेल असं थोडंच आहे? उद्या तिन्ही पुरुषांना बेडकांनी ‘नाही’ म्हटलं, तर सलिमाच्या कपाळावरचा शिक्का कायमचा. पणाला आक्काताईचं काहीच लागलेलं नव्हतं. लागली होती ती सलिमा.

६

सकाळी प्रयोगशाळेत ज्ञानूचं पोतं वळवळत होतं. डॉक्टर हेर्लेकरांनी आधी आढेवेढे घेतले, पण गणपतराव समोर बसल्यावर त्यांचा नाइलाज झाला. बाळाबाईनं सहा बाटल्या आणून मांडल्या. त्यांवर नुसते आकडे होते.

“केरबा,” आक्काताई म्हणाली, “त्या दिवशी दुपारी जसं केलंत, अगदी तसंच करा. कमी नाही, जास्त नाही. बोलू काहीच नका.”

केरबानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर तेव्हा गणपतरावांना आपला छापील निबंध दाखवण्यात गुंतले होते. केरबानं पोत्यात हात घातला. मिठी मारून बसलेली जोडी सोडवली, नर बाहेर काढला, आणि सुई टोचली. मग दुसरा. मग तिसरा. सहाही बेडूक पोत्यातून थेट सुईखाली गेले.

वाट बघण्याचा तो वेळ आक्काताईनं अंगणात चकरा मारून काढला. लालासाब फाटकाशी उभा होता. आत यायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

अखेर केरबानं थेंब घेतले आणि काचा मांडल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून डॉक्टर स्वतः निकाल वाचू लागले. आवाजात पूर्ण खात्री होती.

“एक, नकार. दोन, होकार. तीन, होकार. चार, नकार. पाच, होकार, आणि एकदम ठळक. सहा, होकार.” त्यांनी डोळा काढला. “घ्या ताडून.”

बाळाबाईनं घसा साफ केला. “दोन, तीन, सहा ह्या आपल्या वॉर्डातल्या बाया. एक म्हंजे ड्रायव्हर. चार म्हंजे आण्णा कंपाउंडर.” तिनं पाचवी बाटली उचलली. “पाच नंबर गणपतरावसायबांची.”

पोत्यातला एक बेडूक डरावला.

गणपतराव खुर्चीतून सावकाश उठले आणि त्यांनी स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. ज्ञानूला हसू आवरेना, तो तोंडावर टॉवेल धरून बाहेर पळाला. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता.

“केरबा! अरे गाढवा, टोचण्याआधी बेडूक तपासला नाहीस?”

केरबा सरळ उभा राहिला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

“त्या दिशी बी तपासला न्हवता, डॉक्टर. मी इचारलं हुतं तुमास्नी. तुमीच म्हणालतासा, गणपतरावांस्नी सांजंपातूर निकाल पायजे, टाक तसाच.”

“खोटं बोलतोस!”

“आन् दुसऱ्या दिशी टोचायच्या आदी मीच थेंब काढून तुमास्नी दावला. टोचल्याबिगर जंतू दिसत हुतं. तुमी म्हणालासा, काच पुसून टाक.”

गणपतरावांनी डॉक्टरांकडं बघितलं. तालमीतला तो आवाज या वेळी अगदी खाली आला होता. “पुसून टाकली? पोरीचा जलम हुता त्यो, डॉक्टर.”

“एक चूक!” डॉक्टर ओरडले. “दोनशेत एक! एवढ्यासाठी माझं सगळं काम मातीत घालायचं?”

“दोनशेत एक कशावरनं?” आक्काताईनं विचारलं.

७

तिनं तो निबंध उचलला. गेलं वर्षभर तिच्या मांडणीत तो सगळ्यांच्या वर होता.

“डॉक्टर, बेडूक ‘होय’ म्हणाला आणि ते खरं निघालं, हे तुम्हाला कसं कळायचं?”

“बाई पुढं बाळंत व्हायची. गणपतरावांच्याच प्रसूतिगृहात. त्यात कसली शंका?”

“आणि ज्या बाळंतपणाला तिथं आल्याच नाहीत? ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं, नाहीतर ज्यांचा नवरा गेलेला होता, त्या?”

“त्या कशाला परत येतील?” डॉक्टर त्रासून म्हणाले. “तोंड लपवून निघून जायच्या.”

“मग त्यांचा निकाल खरा की खोटा, हे कुणी बघितलं?”

डॉक्टरांनी निबंध परत घ्यायला हात पुढं केला, तिनं तो दिला नाही.

“त्या तुम्ही कशात धरल्यात?”

डॉक्टर हेर्लेकर भिंतीकडं बघत म्हणाले, “बरोबर आलेल्यांत.”

“किती जणी?”

“अकरा.”

आक्काताईनं निबंध टेबलावर ठेवला. आकडे तिनं जन्मभर हाताळले होते, पण हा आकडा तिला उचलवेना. निघून गेलेली प्रत्येक बाई म्हणजे डॉक्टरांच्या चाचणीचा एकेक विजय. त्यांतल्या कितीजणींच्या वाट्याला पोत्यातला बेडूक आला होता? कितीजणींनी सलिमासारखंच शपथेवर सांगितलं होतं, आणि कितीजणींकडं कामाला निघून जायला छातीला लावायचं घड्याळही नव्हतं?

गणपतरावांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अंगणात सगळ्या पोरींपुढं उभं राहून ते म्हणाले, “मी चुकलो. पोरींनो, बेडकाला इचारायच्या आदी तुमास्नी इचारायला पायजे हुतं.” आणि मान खाली घालून निघून गेले. त्या प्रयोगशाळेकडं वसतिगृहाची बाटली पुन्हा गेली नाही. डॉक्टरांनी निबंध मागं घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा आक्काताईनं आपल्या मांडणीतून त्या दोनशे चाचण्या बाजूला काढल्या आणि त्यांच्यापुढं एवढंच लिहिलं, की अकरा जणींचा पडताळा झालेला नाही. केरबाची नोकरी गेली. गणपतरावांनी त्याला प्रसूतिगृहात ठेवून घेतलं.

सलिमा परतली आणि तिनं पोशाख चढवला. पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती आक्काताईच्या दारात हजर झाली.

“त्या अकराजणी हुडकायला निघालासा म्हणं. मी येतो.”

केरबाला त्या अकरांतल्या दोन बायांची गावं आठवत होती. पहिली हुपरीची, बनाबाई नावाची. तिच्या घराच्या पडवीत चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. आक्काताई आणि सलिमा पोचल्या तेव्हा ती चिमट्यात कडी धरून दिव्याच्या ज्योतीवर सांधत बसली होती, आणि शेजारी चार-पाच वर्षांची एक मुलगी सुट्या कड्या दोऱ्यात ओवत होती. आक्काताईनं कुठून आलो ते सांगितलं. काय विचारायचं ते मात्र तिला नीट मांडता येईना.

बनाबाईनंच तिला सोडवलं. “गरवार हुतो का, आसंच न्हवं? व्हय, हुतो. ही बघा की, म्होरं बसलीया. करणारा पळाला, मी न्हाय पळालो.”

सलिमाचा चेहरा उतरला. ती मोठ्या आशेनं आली होती. आक्काताई म्हणाली, “खरं ते खरं, सलिमा. ही बरोबर आलेल्यांतच राहील. आपण कुणाला जिंकवायला निघालेलो नाही.” आणि मग बनाबाईला, “अशा अजून दहा जणींकडं जायचंय. तुम्हाला त्रास दिला, माफ करा.”

त्या उठल्या, तशी बनाबाई म्हणाली, “त्या दिशी माझ्यासंगं आणिक एक हुती. बाकड्यावर शेजारी बसलो हुतो आमी. पट्टणकोडोलीची. निकाल सांगितला तवा तिनं भितीवर डोस्कं आपटलं, काय बी केलं न्हाय म्हणून. पोट काय तिचं कवा वाढलं न्हाय. पर तोवर ठरल्यालं लगीन मोडलं. लोक म्हणालं, पाडलं आसंल.”

सलिमानं आक्काताईचा दंड घट्ट धरला.

“ती भेटेल का आम्हाला?” आक्काताईनं विचारलं.

“भाईर पडत न्हाय ती. आन् शहरातनं कोण आलं म्हटलं की दार उगडत न्हाय.”

बनाबाईनं पैंजण बाजूला ठेवलं, दिवा फुंकला, हात पदराला पुसले आणि लेकीला कडेवर घेतलं.

“माझ्या हाकंला उगडंल,” ती म्हणाली. “चला.”